आजअखेर

साखर कारखान्याच्या लॅबमधून रोज सकाळी एक तक्ता निघतो. त्यात प्रत्येक गोष्टीला दोन रकाने असतात : ‘आज’ आणि ‘आजअखेर’. आजचं गाळप, आजअखेर गाळप. आजचा उतारा, आजअखेर उतारा. ‘आज’च्या रकान्याचं काही खरं नसतं. अवकाळी पाऊस झाला, ऊस दोन दिवस गाडीतच वाळला, मिल चार तास बंद पडली, की आकडा घसरतो. दुसऱ्या दिवशी चांगला फड लागला की चढतो. ‘आजअखेर’ मात्र असा हलत नाही. हंगाम पुढे सरकतो तसा तो जड होत जातो. शेतकरी, संचालक, बँकवाले, सगळे शेवटी त्याच रकान्यात बोट ठेवतात. बावीस हंगाम मी हे दोन रकाने भरतोय.

त्यामुळे डॉक्टर मला एचबीए वन सी समजावून सांगायला लागले तेव्हा फार वेळ लागला नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, त्यांना किती साखर चिकटलीय त्यावरून गेल्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो, असं ते सांगत होते. मी मध्येच म्हणालो, “म्हणजे आजअखेर.” त्यांना काही उमगलं नाही. माझा आजअखेर होता 8.4. साडेसहापासून मधुमेह धरतात.

हंगामाआधीच्या तपासणीत हे निघालं. वय 46, वजन 64 किलो. पोट सुटलेलं नाही, गोड फारसं खात नाही. खरंतर दिवसभर साखरेच्या वासात राहणाऱ्याला गोडाचा कंटाळाच येतो. मला कसा होईल डायबेटीस, हे मी डॉक्टरांना तीनदा विचारलं. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसाच्या अंगातही चरबी दडलेली असते, हे मला फार उशिरा कळलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. तो फोटो पाहिला तेव्हा मी आरशासमोर शर्ट वर करून उभा राहिलो होतो. बायकोनं विचारलं, काय बघताय? काही नाही, म्हणालो.

घरात ‘काही नाही’ म्हणायची सवय तिथून लागली.

कॉलनीत सांगायची सोयच नव्हती. साखर कारखान्यातल्या माणसाला साखर झाली, हा विनोद कुणाला सुचला नसता? आणि वडिलांचं होतंच डोक्यात. त्यांच्या पायाला चपलेचा अंगठा लागून जखम झाली, ती बरी झालीच नाही. शेवटी पायाचं बोट काढावं लागलं. तेव्हा मी कॉलेजात होतो. दवाखान्याच्या जिन्यावर बसून त्यांचा एक पायमोजा हातात धरला होता, तो अजून आठवतो. आमच्या घरात ‘साखर’ या शब्दाचा अर्थ तो पायमोजा.

ठाण्याच्या मावसभावाला मात्र सांगितलं, कारण त्याला आधीच होती. त्यानं काही उपदेश केला नाही. एका व्हॉट्सअ‍ॅप गटात घातलं आणि म्हणाला, “तिथं कुणी तुला ओळखत नाही. वाचत बस नुसता.”

दोनशेच्या आसपास माणसं. लातूरचे एक निवृत्त कंडक्टर, नाशिकच्या शाळेतल्या बाई, दुबईत नोकरी करणारे एक सर. फोंड्याचे एक गृहस्थ होते. गोव्यातलं मधुमेहाचं प्रमाण 26.4 टक्के, देशात सर्वांत जास्त, ही 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतली गोष्ट ते क्रिकेटचा स्कोअर सांगावा तशी सांगत. त्याच पाहणीत देशभरात 10 कोटी 10 लाख मधुमेही असल्याचं आलं होतं. त्यावर कंडक्टरसाहेबांनी लिहिलं होतं, “मग एवढ्यांत लाजायचं कुणाला?” ते वाचून मी कितीतरी दिवसांनी हसलो. आणि कऱ्हाडकडच्या एक काकू होत्या. त्यांचं नाव इथं घेत नाही. वय सत्तरच्या आत-बाहेर. टाइप करायला त्रास व्हायचा म्हणून बहुतेक बोलूनच पाठवायच्या, मागे कधी कुकरची शिट्टी, कधी नातवाचं रडणं.

पहिले काही दिवस मी नुसता वाचत राहिलो. मग मीटर घेतलं. घरी वापरलं तर बायको विचारेल म्हणून कारखान्यात, रात्री आठ ते चारच्या पाळीत. अडीचचा सुमार. मिलचा आवाज भिंतीतून येत होता, टेबलावर रसाचे नमुने, स्पिंडल, ट्यूबा. बोटाला सुई टोचली, पट्टीवर थेंब घेतला. आकडा आला 263. घसा कोरडा पडला. दुसरी पट्टी घालायचं धाडस होईना. काय करावं सुचेना म्हणून गटात पहिल्यांदाच दोन शब्द लिहिले : “263 आली.”

मिनिटभरात काकूंचा आवाज. त्यांना रात्री झोप नसायची. “हात धुतले काय वो?”

मी लिहिलं, लॅबमध्ये आहे, हात स्वच्छच आहेत.

“कसली लॅब?”

साखर कारखान्याची.

पलीकडून नुसतं हसणं आलं. बारा-पंधरा सेकंदांचं, खोकल्यात संपलेलं. मग, “अवो सर, बोटाला साखर चिकटलीया तुमच्या. साबणानं धुवा. कोरडं करा. बोटाच्या कडेनं टोचा, मधोमध नको, दुखतं.”

धुतले. कोरडे केले. दुसऱ्या हाताचं बोट, कडेनं. 171.

जास्तच होती, पण माझी होती. पाव टक्का इकडे-तिकडे झाला तर तीनदा नमुना तपासणारा मी, आणि हात न धुता मोजणी केली म्हणून मला एक सातवी शिकलेली बाई रात्री अडीचला दुरुस्त करत होती. त्या रात्री मला जे वाटलं त्याला बरं वाटलं म्हणणं कमी आहे. कुणाला तरी आपला आकडा माहीत आहे, आणि तरी ते माणूस हसून बोलतंय, एवढंच.

पुढच्या दोन महिन्यांत मी त्या माणसांकडून जे शिकलो ते मला कुणी फी घेऊन शिकवलं नव्हतं. डॉक्टरांना वेळ नव्हता, त्यांच्या दारात पन्नास माणसं. मेटफॉर्मिन जेवणानंतर घेतली की पोट कमी बिघडतं. रोज रात्री तळपाय बघायचे, स्वतःला दिसत नसतील तर खाली आरसा धरायचा. वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासायचा, दिसायला काही त्रास नसला तरी. सकाळची साखर रात्री न खाताही चढते, कारण पहाटे लिव्हर आपणहून साखर सोडतं. त्यात स्वतःला दोष द्यायचं कारण नाही. जांभळाच्या बियांच्या पुडीवरून तिथं महायुद्धं व्हायची, ती मी दुरून बघायचो. 14 नोव्हेंबरला, म्हणजे इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंगच्या वाढदिवशी, ‘जागतिक मधुमेह दिनाच्या हार्दिक शुभेच्छा’ आणि खाली मोतीचूर लाडवाचं चित्र, हेही बघितलं. गटाचा एक कडक नियम होता : गोळीबद्दल कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही. तो नियम मी कधीच मोडला नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण पुढे मी याच्याच आड लपलो.

खोटं सुरू झालं संक्रांतीच्या सुमारास. आकडासुद्धा आठवतो. सकाळी 131 आली होती. आदल्या दिवशी पाहुण्यांकडे गुळाची पोळी, वर तूप. गटात लिहिताना अंगठा 3 वर गेला आणि 2 वर पडला. 121. मुद्दाम केलं का? पहिल्या वेळी खरंच नाही. पण दुरुस्त केलं नाही. तेवढ्यात टाळ्यांची सात-आठ चिन्हं आली होती. ‘छान सर’, ‘केमिस्ट सरांचं बघा’. सुधारलं असतं तर त्या टाळ्या परत द्याव्या लागल्या असत्या.

मग 118. मग 109. मग तीन आकडेही गेले, 96.

खरं मीटरमध्ये होतं. 140, 152, 138, 166. मी रात्रपाळीत होतो. दोनच्या सुमारास कँटीनमध्ये पोहे नाहीतर मिसळ व्हायची, बरोबर चहा, आणि साखर कारखान्याच्या चहात साखर किती असते हे काय सांगायचं. सकाळी घरी येऊन ‘उपाशीपोटी’ म्हणून मोजायचो ते तसंही उपाशीपोटी नसायचंच. हे सगळं मला कळत होतं. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेलं सगळं आणि पोल म्हणजे त्यातली साखर. दोन्हींचं गुणोत्तर ती प्युरिटी, हे मी नव्या पोरांना शिकवतो. नमुना चुकीच्या वेळी घेतला तर पुढचं सगळं गणित कचरा, हेही मीच सांगतो.

आणि मी असा-तसा केमिस्ट नाही, हेही कबूल करायला हवं, नाहीतर पापाचं वजन नीट होणार नाही. 2025-26 च्या हंगामाला 10.25 टक्के उताऱ्यासाठी एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, क्विंटलला 355 रुपये होती आणि त्याच्या वर दर 0.1 टक्क्याला 3 रुपये 46 पैसे. म्हणजे शंभर टन ऊस घालणाऱ्या माणसाला एका दशांशाचे 3460 रुपये. पोराची फी तेवढ्यात बसते किंवा बुडते. हे डोक्यात ठेवून मी बावीस वर्षं आकडे लिहिले. एक दशांश इकडचा तिकडे केला नाही. सुचवणारे भेटले नाहीत असं नाही. मी नाही म्हणालो, आणि त्या नाही म्हणण्याचा मला अभिमान आहे. मग दुसऱ्याच्या साखरेत न केलेली लबाडी मी स्वतःच्या साखरेत इतक्या सहज कशी केली?

बराच काळ मी स्वतःला उत्तर दिलं, की कौतुकासाठी. ते अर्धंच खरं आहे. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं, म्हणूनच मी पहिल्या रात्री 263 लिहू शकलो. आणि तिथं मला कुणी ओळखत नव्हतं, म्हणूनच 96 लिहू शकलो. दार एकच. एकदा त्यातून खरं बोलून आत आलो, नंतर त्याच दारातून एका दुसऱ्याच माणसाला आत सोडलं. तो सातनंतर खात नव्हता, पहाटे चालायला जात होता, वडिलांसारखा नव्हता. मला तो आवडायला लागला होता. दिवसभर मी त्याची वाट बघायचो. सकाळी त्याचा आकडा टाकायचा आणि मग माझ्या 152 ला घेऊन झोपायचं.

फेब्रुवारीत गटातल्या कुणीतरी म्हटलं, सर, तुमचा दिनक्रम लिहा, आम्हाला उपयोग होईल. मी लिहिला. चांगला झाला, असं वाटलंही. त्यातलं एक वाक्य : “संध्याकाळी सातनंतर मी काहीही खात नाही, म्हणून सकाळी 96.” दुसऱ्या दिवशी काकूंचा मला एकट्याला निरोप आला. तो अजून फोनमध्ये आहे. मी तो अनेकदा ऐकलाय. पुसला नाही.

“सर, तुमचं बघून मी पण कालपासनं रातचं जेवान बंद केलंय. गोळी तेवढी चालूच हाय.”

चौदा सेकंदांचा निरोप. मी ऐकला आणि खाली एक अंगठा टाकला.

कोणती गोळी, हे मला विचारायचं होतं. खोटं कशाला बोलू, डोक्यात आलं होतं. गटात वाचून मला एवढं नक्की कळत होतं की सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. मेटफॉर्मिन एकटी सहसा साखर खाली पाडत नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवा नाहीतर उपाशी राहा. मला हे माहीत होतं. पण विचारलं असतं तर पुढचं बोलणं आलं असतं. सर, मग तुम्ही कसं करता? तुमची कोणती गोळी? रात्री भूक लागत नाही? त्या प्रश्नांच्या रांगेत शेवटी कँटीनमधलं पोह्यांचं ताट होतं. म्हणून अंगठा. गोळीबद्दल सल्ला द्यायचा नाही हा नियम होताच. मी सल्ला दिलाच नाही. मी फक्त माझं सांगितलं होतं.

पाचव्या की सहाव्या रात्री, दोन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी, काकूंचा आवाज गटात आला. “कुणी जागं हाय का? कसंतरीच हुतंय. घाम सुटलाय. हात थरथरायलेत.” त्या रात्री माझी पाळी आठ ते चारच होती. मी जागा होतो. फोन लॅबच्या खणात होता आणि मी कँटीनमध्ये. काय खात होतो ते वर आलंच आहे.

दुबईच्या सरांचं घड्याळ दीड तास मागे. ते जागे होते. त्यांनी काकूंना लिहिलं नाही, फोनच लावला. सुनेला उठवा, तीन चमचे साखर पाण्यात, आत्ता, मागाहून मोजा. सुनेनं पाणी पाजलं. मीटरवर 54. सत्तरच्या खाली म्हणजे धोका. दुबईहून ते फोनवरच थांबले, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायला लावलं. 79. मग अर्धी भाकरी आणि दूध. सगळं मिळून चाळीस मिनिटं. सकाळी काकू डॉक्टरांकडे गेल्या, गोळी जेवणाशी बांधलेली आहे, जेवण चुकवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं. काकू ठीक आहेत. हे लिहिताना हायसं वाटतं आणि तेच हायसं वाटणं मला खटकतं, कारण त्या ठीक नसत्या तरी माझा अंगठा तसाच राहिला असता.

मी खणातून फोन काढला तेव्हा सव्वातीन वाजून गेले होते. सगळं वरपासून खालपर्यंत वाचलं.

सकाळी गटानं काकूंना फैलावर घेतलं. प्रेमानंच. काकू, असं गोळी घेऊन उपाशी राहायचं असतं का? काकू, कुणी सांगितलं तुम्हाला हे? त्यावर काकू बोलल्या, “कुणी न्हाई. माझंच मी केलं. माझीच चूक.” माझं नाव घेतलं नाही. विसरल्या असतील, किंवा मला सांभाळलं असेल. मी त्या यादीत खाली लिहिलं, “काळजी घ्या काकू.”

आजवर जे काही लिहिलं असेल त्यातलं सर्वांत हलकं वाक्य कुठलं, तर हे. 96 हा आकडा खोटा होता, पण ते तीन शब्द त्याहून खोटे. आकड्यानं मी स्वतःला चांगलं दाखवलं. त्या शब्दांनी मी चुकीचं माप काकूंच्या पदरात टाकलं आणि वर काळजीवाहू झालो.

नंतरचे काही दिवस मी मनातल्या मनात वकील लावला. चांगला हुशार वकील होता. तो म्हणे, तिच्या डॉक्टरांनी तिला आधीच सांगायला हवं होतं. तो म्हणे, तू खरे आकडे टाकले असतेस तरी ‘सातनंतर जेवत नाही’ हे कुणीतरी लिहिलंच असतं, आज घराघरात तेच चाललंय. तो म्हणे, मोठी बाई आहे, तिची ती जबाबदार. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. पण एकाही वाक्यात तो चौदा सेकंदांचा निरोप नाही. वकिलाला मी तो ऐकवलाच नव्हता. ऐकवला तेव्हा तो गप्प बसला.

एप्रिलमध्ये, पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप बंद झाल्यावर, डॉक्टरांकडे गेलो. एचबीए वन सी 7.9. म्हणजे सरासरी साखर 180 च्या आसपास. डॉक्टर म्हणाले, घरच्या मोजण्यांची वही आणलीय? मी म्हणालो, विसरलो. वही होती, पिशवीतच होती. त्यातही काही ठिकाणी मी गटातला आकडा उतरवला होता. स्वतःच्या वहीत, जी कुणी बघणार नव्हतं. खोटं एकदा ‘आज’च्या रकान्यात गेलं की ते ‘आजअखेर’मध्ये शिरायला बघतं. लॅबमध्ये त्याला एक बंदोबस्त असतो. उसातून आलेली साखर, पोत्यात भरलेली, बगॅसमधून गेलेली, मळीतून गेलेली, प्रेसमडमधून गेलेली, सगळ्यांचा मेळ बसावा लागतो. एका ठिकाणी थापलं की दुसऱ्या ठिकाणी भोक दिसतं. शरीरात तो मेळ 7.9 च्या रूपानं बसला होता.

“मीटर आणलंय का मग?” डॉक्टरांनी विचारलं. “त्यात असतं सगळं.”

मीटर होतं. ते बटण दाबत मागे मागे गेले. 149. 152. 163. 138. मी समोरच्या भिंतीवरचं पायाचं चित्र बघत राहिलो. रागावतील असं वाटलं. ते नुसतं म्हणाले, “रात्रपाळी आहे का? मग या सकाळच्या धरून चालणार नाही. पाळीप्रमाणे वेळा बदलू.” आणि लिहायला लागले. त्यांच्यासाठी तो रसाचा नमुना होता.

तिथंच मला काहीतरी दिसलं. बावीस वर्षांत मी कधी रसाला रागावलो नाही. 86032 जातीचा ऊस चांगला उतारा देतो, 265 वजनाला भरतो पण उताऱ्याला मागे पडतो. तोडून दोन दिवस पडलेल्या उसातली साखर आपोआप कमी होते. आकडा कमी आला तर आम्ही विचारतो, कुठल्या फडाचा, कधी तोडलेला, पाऊस होता का? रसाला लाज वाटावी असं कुणाच्या मनातही येत नाही. आणि माझा 152 आला की मात्र मी तो चारित्र्याच्या दाखल्यासारखा लपवला. गटातही थोडं तसंच होतं, हे मान्य केलं पाहिजे. चांगला आकडा म्हणजे चांगला माणूस, टाळ्या. वाईट आकडा म्हणजे ‘काय खाल्लं काल?’ पण गटावर ढकलण्याचा मला अधिकार नाही. त्या गटात मी 263 लिहिल्यावर कुणी मला चारित्र्य विचारलं नव्हतं. हात धुतले का, एवढंच विचारलं होतं.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “मला माहीत आहे. चपलेखाली आरसा कोण ठेवतं?” आणि चहाच्या डब्याशेजारचा साखरेचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. एवढंच बोलणं झालं. ते प्रकरण तितकंसं अवघड नव्हतं, मीच ठरवलं होतं अवघड आहे म्हणून.

काकूंना फोन करायला मात्र तीन आठवडे लागले. नंबर काढायचो, ठेवायचो. एका दुपारी लावला. त्यांना आधी कळलंच नाही कोण बोलतंय. मग, “केमिस्ट सर व्हय! बोला की.” मी आधी तब्येत विचारली, मग म्हणालो, काकू, मला तुम्हाला एक सांगायचंय. मी जे आकडे टाकत होतो ते खरे नव्हते. 96 वगैरे. माझी दीडशेच्या आसपास असते. मी सातनंतर खात नाही हेही खरं नाही, रात्रपाळीत खातो मी. तुम्ही ते वाचून जेवण सोडलंत. तुम्ही मला कळवलंही होतं आणि मी काही विचारलं नाही.

पलीकडे कुकर होता. एक शिट्टी झाली.

“म्हंजे अजून दीडशेच हाय तुमची?” काकू म्हणाल्या.

हो, म्हणालो.

“काय खाता रातचं?”

पोहे. कधी मिसळ. चहा.

“साखरेचा?”

हो.

“अवो मग! डबा न्यावा माणसानं. घरातली भाकरी आन उसळ न्हेली तर काय हुतंय? मंडळी करून देत न्हाईत व्हय?” मग आवाज खाली आणून, “वाईट वाटून घिऊ नका. माझी पण दोनशेच्या वर जायाची. हुतीया कमी.”

मी पुन्हा म्हणालो, काकू, तुमच्या त्या रात्रीबद्दल मी बोलतोय. माझ्यामुळं. त्या म्हणाल्या, ते झालं की आता. आणि गवारीचा भाव सांगायला लागल्या. मला काय सांगायचं होतं ते त्यांच्यापर्यंत पोचलं की नाही, मला माहीत नाही. पोचलं असेल आणि त्यांनी ते बाजूला ठेवलं असेल. किंवा त्यांना खरंच माझ्या दीडशेची जास्त काळजी वाटली असेल. मला माफी मागायची होती आणि मला डबा न्यायचा सल्ला मिळाला. त्यानं मी सुटलो असं अजिबात वाटलं नाही.

गटात अजून सांगितलेलं नाही. चार ओळी लिहून ठेवल्या आहेत. दोनदा पाठवायला गेलो. एकदा कुणाच्या तरी मुलाच्या लग्नाचं निमंत्रण मध्ये आलं, एकदा कुणी नवीन माणूस आला होता, नुकतंच निदान झालेला, त्यानं लिहिलं होतं, “240 आली, आता काय होणार?” तिथं माझं प्रकरण काढणं बरं दिसलं नसतं, असं मी स्वतःला सांगितलं. हाही तोच वकील असेल. त्या माणसाला मात्र मी उत्तर दिलं, बोलून, टाइप न करता. हात धुतले का, असं विचारलं.

डबा नेतो. दोन भाकरी, मटकीची उसळ, कांदा. कँटीनवाला विचारतो, साहेब, आमच्याकडं काय कमी पडलं?

आज सकाळची 143. हात धुऊन.